आडव्या बांबूखालून

शहापूर,
मंगळवार, ता. ६ डिसेंबर १९३८

सौ. कमळ हीस सावळारामचे आशीर्वाद.

आशीर्वाद लिहिले, कारण तशी रीत आहे. या घडीला मनातून जे येतंय ते लिहिलं तर टपालवाला पत्र घ्यायचा नाही.

परवा मी वखारीतून घरी आलो तर दाराला कडी, चुलीवर भाताचं पातेलं आणि ओट्यावर शेजारची धोंडूबाई माझी वाट बघत बसलेली. "वैनी रघूला घेऊन मुरबाडला म्हायेरी गेल्या, किन्हवलीच्या गाडीनं," म्हणाली. आणि वर, "काय झालं वो भावजी?" काय झालं ते मी तिला सांगू? अगं, जाताना एक शब्द तरी! नवरा म्हणजे काय गोठ्यातला खांब आहे, वळसा घालून निघून जायला? भात मीच खाल्ला. खालून करपला होता.

आता हे पत्र तुला वाचून कोण दाखवणार? रघूच. तुला अक्षर येत नाही, तुझ्या भावाला येत नाही. त्या घरात शिकलेला काय तो कोंडूदादाचा हा एक मुलगा, आणि तो शिकला कुणाच्या घरी राहून? माझ्या. तेव्हा रघू, नीट वाच, आत्याला कळेल असं. बाबा जवळ असतील तर जरा हळू.

कमळ, तुला खेळातलं काही कळत नाही, म्हणून पुन्हा एकदा सांगतो. नाताळच्या सुट्टीत मुरबाडला मुलांच्या हुतूतूचे सामने आहेत. तीन वर्षं ढाल मुरबाडकरांनी ठेवून घेतली आहे, आणि दर वर्षी त्यांचा तो जाडा मास्तर मला विचारतो, "काय सावळारामपंत, यंदा तरी?" यंदा माझ्याकडे रघू आहे. असा दम या तालुक्यात दुसऱ्या पोराला नाही. तो चढाईला गेला की समोरचे गडी मागे सरकतात ते सरकतातच. पोरं मला वस्ताद म्हणतात, पण तोंड रघूकडे करून म्हणतात. कप्तान मी त्याला उगीच केलेला नाही.

आणि या लेकाला वाढायला हाच पावसाळा सापडला! मुलांच्या गटाला उंचीची मर्यादा आहे हे मी तुला हजारदा सांगितलं. दोन खांब, वर आडवा बांबू. डोकं न लागता जो खालून गेला तो मुलगा, ज्याचं लागलं तो बाप्या. बाप्याने घरी जावं. आणि तू त्याला नाचणीच्या भाकरी, सुका जवळा, वर भाताची पेज! आखाडात बांबूखालून आरामात जाणारा पोरगा दिवाळीनंतर बोटभर वर निघाला. आता हे बोटभर मी काय तासून काढू?

मग देवजी हमालाने तोड सांगितली. मी मागितली नव्हती, तो बोलता बोलता बोलून गेला. "सकालच्याला वखारीची चौकट माझ्या टकुऱ्याला लागतं, सांजच्याला नाय लागत. दिसभर डोक्यावर गवताचं भारं. भाऱ्यानं मानूस दबतो, वस्ताद. रातचा निजला का पुना लांब व्हतो." मला खरं वाटेना. एक दिवस भारे वाहून मी स्वतः बघितलं. चौकटीला खूण करून ठेवली होती. संध्याकाळी खरोखर कमी भरलो.

आता मला सांग, यात पाप कुठे आलं? कुणाला लाच दिली नाही, खोटं वय लिहिलं नाही. इथे आपल्या हुतूतू मंडळाच्या मोजणीच्या दिवशी सकाळी रघूला वखारीत भारे वाहायला लावले आणि दुपारी तो बांबूखालून गेला. सगळी पोरं नाचली. तूही त्या दिवशी गूळ वाटलास, विसरलीस का? पुढे मुरबाडला मोजणी कडक असते म्हणून सराव चालू ठेवला, भारा थोडा मोठा केला. त्यात मान लचकली. लचकते! तुझ्या माहेरी त्याला काय पालखीत बसवतात? तिथे नाही का तो पेंढा वाहत?

कोंडूदादा दोन वर्षांपूर्वी त्याला इथे सोडायला आले तेव्हा काय म्हणाले ते तुझ्यासमोर म्हणाले. "कातडं तुमचं, हाडं तेवढी आमची." मग मी कातड्याचंच बघतोय ना?

रघू, एवढी ओळ मोठ्याने वाचू नकोस, मनात वाच: बाबांनी विचारलं तर गंजीवरून पाय घसरला म्हण.

तेल कोमट करून चोळा. येत्या सोमवारपर्यंत दोघं परत या. हाताने करून खाण्याचा मला कंटाळा आला आहे.

सावळाराम

&nbsp;

शहापूर,
मंगळवार, ता. १३ डिसेंबर

सौ. कमळ हीस आशीर्वाद.

सोमवार आला आणि गेला. तुम्ही आला नाहीत, पत्र आलं. रघूचं अक्षर मी ओळखतो, मीच वळण दिलं आहे त्याला. या खेपेस सगळ्या ओळी उजवीकडे चढत गेल्यात. कागद समोर धरता येत नाही म्हणून तिरपा धरला असावा. असो.

पत्र काय, कोर्टाचं समन्स! "आत्या सांगते ते लिहितो" म्हणून सुरुवात, आणि पुढे, "आत्या म्हनली, मधी थांबून मनात काय वाचलास ते मोठ्यानं वाच. मंग मी वाचलं." शाबास! मी त्याला एक गोष्ट गुपचूप वाचायला सांगतो आणि तू त्याच्याकडून ती वदवून घेतेस. पोरगा तुझ्याही धाकात, माझ्याही धाकात. बिचाऱ्याने करावं तरी काय?

तरी त्याआधीच त्याने बापाला गंजीचं सांगून टाकलं होतं म्हणतेस. सांगणारच. वस्तादाने सांगितलं म्हणजे सांगितलं. त्यावर तुझं म्हणणं असं: "त्याच्या तोंडी तुमी खोटं घातलंव, ते तुमीच काढा. हितं या आन कोंडूदादाला तोंडानं सांगा. तवर आमी येनार नाय."

कमळ, तू बाई आहेस की पंच? सामने दहा-बारा दिवसांवर आले. वखारीत मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवताची भरती चालू आहे, शेठ रोज डोक्यावर बसतो. अशात मी बैलगाडीत बसून मुरबाडला यायचं, आणि तुझ्या भावासमोर कान धरून उभं राहायचं? तेही कशासाठी, तर लचकलेल्या मानेसाठी! तुझ्या गावची रंभा म्हातारी रोज येऊन मान चोळते, तिला सांग जरा जोर लाव. डावीकडे वळत नाही म्हणतेस, आठवडाभरात वळेल. बोटांना मुंग्या येतात ते थंडीने असेल. थंडी मला पण वाजते.

आणि एक गोष्ट तू सोयीस्कर विसरतेस. मी जबरदस्ती केली का? रघू समोरच बसला आहे, त्यालाच विचार. मी म्हटलं होतं, "झेपेल का रे?" तो काय म्हणाला? "टाका आजून येक, वस्ताद." हे त्याचे शब्द. स्वतःच्या तोंडाने मागून घेतला त्याने भारा. मागणाऱ्याला नाही म्हणायचं का मी?

रघू, लिहून कळव, असंच झालं ना.

धोंडूबाई रोज विचारते. काल तिने मला कालवण आणून दिलं आणि ते ठेवताना असा चेहरा केला की जणू घरात कुणी गेलंय. मला या बाईचा वैताग आलाय, तुझा आलाय, त्या बांबूचा तर फारच आलाय. ज्याने तो नियम काढला त्याने आयुष्यात एक पोरगा वाढवला असेल का, अशी शंका येते.

सावळाराम

&nbsp;

शहापूर,
रविवार, ता. १८ डिसेंबर

सौ. कमळ हीस.

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहितो आहे. का लिहितो ते वाचशील तेव्हा कळेल.

आज दुपारी मी आसनगाव स्टेशनावर गवताची भरती बघून वखारीत परत आलो. दारातच थांबलो. माझा सगळा संघ रांगेने चालला होता. प्रत्येकाच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर भारा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. कुणी बोलत नव्हतं. एकदम शिस्तीत! मी ओरडून ओरडून घसा बसवला तेव्हा मैदानावर कधी अशी शिस्त दिसली नव्हती.

रांगेत सर्वांत पुढे महिपत. तुला तो आठवतो ना, कासाराच्या बोळातला, ज्याचं डोकं बांबूला लावायचं तर खाली पाट ठेवावा लागेल? तो. पाय लटपटत होते त्याचे. भाऱ्याखालून नुसते डोळे दिसत होते.

मी म्हटलं, "काय चाललंय रे हे?"

"दबतोय, वस्ताद."

"तुला कशाला दबायचंय? तू आधीच एवढासा!"

"रघू कप्तान हाय. तो दबला, मंग आमी नको?"

"कुणी सांगितलं तुम्हांला?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी वेडा झालो की काय असं त्यांना वाटलं असावं. मग महिपतच म्हणाला, "तुमीच की वस्ताद. रघूला तुमीच दिलाव ना भारा?"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. भारा पडला, तोही पडला. उठला आणि म्हणाला, "चुकलो, वस्ताद." काय चुकलं ते त्याला ठाऊक नव्हतं. काहीतरी चुकलं असणार, नाहीतर वस्ताद कशाला मारतील, एवढा त्याचा हिशेब. त्याच्या जागी रघू असता तर तोही असंच म्हणाला असता. "टाका आजून येक" म्हणाला तेव्हाही असंच म्हणाला असणार, हे मला तिथे गवतात उभं राहून कळलं. याला मी त्याची मर्जी समजत होतो.

पोरांना घरी पाठवलं. देवजीला ताकीद दिली की यापुढे एकाही पोराच्या डोक्याला भारा लागता कामा नये. तो म्हणाला, "आमाला काय, आमी तुमच्याच सांगन्यानं देत व्हतो."

आता तू म्हणशील, आला वठणीवर. तसं काही नाही. माझा राग गेलेला नाही. तू न सांगता गेलीस याचा आहे, आणि तू बरोबर निघालीस याचा त्याहून जास्त आहे. बाकीच्या बायका चुकीच्या कारणावरून रुसतात, चार दिवसांनी परत येतात, नवऱ्याला सुखाने राग धरता येतो. तू तेवढंही सुख ठेवलं नाहीस.

कोंडूदादाला सांगायचं ते सामने झाल्यावर बघू. मी मुरबाडला येणारच आहे. त्यांच्याशी बोलताना माझं डोकं ठिकाणावर असायला हवं.

रघू, तू खेळायचं नाहीस. मान बरी कर. तू नसलास तर ढाल काही आपल्याला मिळत नाही, पण त्याला इलाज नाही. महिपतला चढाईला घालीन.

सावळाराम

&nbsp;

मुरबाड,
रविवार, ता. २५ डिसेंबर

कोंडूदादा यांस सावळारामचा नमस्कार.

पत्र तुम्हांला लिहिलं आहे, तुमच्या बहिणीला नाही. सामने संपले. मैदानाशेजारच्या शाळेच्या पायरीवर बसून लिहितो आहे. लिहून झालं की चालत तुमच्या घरी येईन, रघूच्या हातात कागद देईन आणि मी बाहेर ओट्यावर बसेन.

रघू, मोठ्याने वाच. या पत्रात मनात वाचायचं काहीही नाही. आत्याला आणि आईला पण बोलाव.

कमळ मला म्हणाली होती, तोंडाने सांगा. पण दादा, तोंडाने सांगायला लागलो की मी वकिली करतो. चूक सांगायला सुरुवात करतो आणि शेवटाला ती दुसऱ्याच्या पदरात घालून मोकळा होतो. कमळला हे चांगलं ठाऊक आहे. कागदावर वकिली केली तर निदान खोडता येते. खाली दोन ठिकाणी शाई फासलेली दिसेल, तिथे ती होती.

रघू गंजीवरून पडला नाही. त्याची उंची नियमाबाहेर गेली होती. ती कमी भरावी म्हणून मी त्याला वखारीत डोक्यावर गवताचे भारे वाहायला लावले. एक दिवस नाही, बरेच दिवस. एकदा त्याच्या मानेत काहीतरी वाजलं. तो थांबला. मी म्हटलं, "चल, चल." तो चालला. कमळ डबा घेऊन आली होती, तिने ते बघितलं आणि त्याला घेऊन गेली. गंजीचं खोटं मी त्याला सांगायला लावलं.

इथे रघू थांबेल. थांबू द्या त्याला.

आता आजचं. आज सकाळी मोजणी चालू होती. आमची पोरं एक-एक करून बांबूखालून गेली. मी म्हटलं चला, ढाल नाही तर नाही, लाज तरी राहिली. तेवढ्यात रघू धावत आला. मंडळाची लाल पट्टी कमरेला. मी बोलावलं नव्हतं. खेळायचं नाही असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. पण त्याच ओळीला चिकटून मी आणखी एक ओळ लिहिली होती, की तू नसलास तर ढाल मिळत नाही. पोराने तेवढीच ओळ वाचली. मी इतकी वर्षं पोरं शिकवतोय, आणि पोरांना वस्तादाच्या बोलण्यातलं काय ऐकू येतं हे मला अजून कळलेलं नाही!

तो सरळ बांबूखाली गेला. डोकं लागलं नाही. पंच म्हणाले, "चालंल." पोरांनी असा गिल्ला केला की तो मुरबाडचा जाडा मास्तर खुर्चीवरून उठला.

मी डावीकडून हाक मारली. रघू मान न वळवता अख्खाच्या अख्खा फिरला. जवळ आला तेव्हा बघितलं, डोक्यावरचे केस गोल दबले होते, चुंबळीच्या मापाचे, आणि खांद्यावर पेंढ्याची कुसळं. दादा, तुमच्या खळ्यातला पेंढा आज सकाळी इकडचा तिकडे झालेला दिसला असेल. तो रघूने हलवला. उजाडल्यापासून त्याच मानेवर.

मी विचारलं, "कुणी सांगितलं रे तुला?"

"कुनी नाय. मला ठावं हाय ना आता कसं करायचं ते."

मी लगेच नाही म्हणालो असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. मी आधी ढालीकडे बघितलं. ती समोर टेबलावर होती, तिच्यावर ऊन पडलं होतं, आणि मापात बसलेला माझा कप्तान माझ्यापुढे उभा होता. कुणाला काही कळणार नव्हतं. मग बाजूला महिपत दिसला. तो रघूच्या डोक्यावरच्या त्या खुणेकडे बघत होता आणि स्वतःचं डोकं चाचपत होता.

मी पंचांना सांगितलं, हा गडी खेळणार नाही. ते म्हणाले, "अहो, मापात बसतोय की." मी म्हटलं, मापात बसवला आहे, म्हणूनच.

रघू म्हणाला, "वस्ताद, मी चढाई नाय करनार. नुसता उबा ऱ्हातो. पोरांना बरं वाटंल." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मंग मी उगाच केला का येवढा?" पट्टी सोडून त्याने माझ्या पायाशी टाकली आणि घराकडे निघून गेला. जाताना मला आतोबा म्हणाला नाही, वस्तादही म्हणाला नाही.

आम्ही हरलो. वाईट हरलो. महिपत पहिल्याच चढाईत पकडला गेला. ढाल पुन्हा इथेच राहिली. जाड्या मास्तराने विचारलं, "काय सावळारामपंत, पोरगा मापात असून बाहेर बसवलात?" पोरंही हेच विचारतायत, फक्त तोंडाने नाही. शहापूरला परतल्यावर त्यांच्या आईबापांनाही सांगावं लागेल, वखारीत काय चाललं होतं ते. मंडळ मला ठेवील असं वाटत नाही. ठेवलं तरी, कुठल्या पोराला "झेपेल का" हे विचारण्याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. जो कधीच नाही म्हणणार नाही त्याला ते विचारून मी काय मिळवत होतो?

दादा, तुम्ही पोराला माझ्या घरी सोडलंत तेव्हा म्हणालात, कातडं तुमचं, हाडं आमची. सगळेच बाप असं म्हणतात, म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. हाडं तुमची होती. मला ती वापरायला दिली नव्हती.

रंभा म्हातारीच्या तेलाने हे जायचं नाही. बोटांना मुंग्या येतात त्या थंडीच्या नाहीत. मला ते तेव्हाही कळत होतं. तुम्ही परवानगी दिलीत तर उद्याच्या मोटारीने त्याला कल्याणला डॉक्टरकडे नेतो. माझ्याबरोबर पाठवायचा नसेल तर तुम्ही न्या, मी मागच्या बाकावर बसेन. तेही नको असेल तर तसं सांगा.

कमळ, तुला या पत्रात काही लिहिलेलं नाही. तुझ्याशी बोलायला मला कागद लागत नाही, तू दार उघडलंस तर.

रघू, वाचून झालं. फार वेळ मान खाली घालून बसू नकोस, कागद ठेव. मी ओट्यावर आहे. तुझी लाल पट्टी माझ्याजवळ आहे; हवी असली तर माग. नको असली तर नको म्हण, आतोबाच्या तोंडावर, मोठ्याने. तुझ्या तोंडून तो शब्द मी अजून ऐकलेला नाही.

सावळाराम